लिफ्टवाल्याची वही

सोमवारी सकाळी सहाला दहा कमी असताना बाबा तिच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सुतळी, पळायला येतेस का?"

तिने एक डोळा उघडून बाबांकडे पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे. पायांत नवे कोरे बूट होते. डाव्या बुटाला दुकानातली चिठ्ठी अजून लटकत होती. पाणी कुठेतरी मुरतंय, हे तिने तिथेच ताडलं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करत. एकवीस वर्षं हेच काम. शहरातल्या चाळीसेक इमारती त्यांच्याकडे होत्या आणि त्या इमारतींतली माणसं त्यांना नावाने नाही, 'लिफ्टवाले' म्हणूनच ओळखत. जिन्याशी त्यांचं जुनं वैर होतं. "जिना चढावा लागला, म्हणजे मी कुठेतरी कमी पडलो," असं ते म्हणत. दुकान कोपऱ्यावर असलं तरी स्कूटर काढत. असा माणूस उजाडायच्या आत पळायला निघतो आणि वर तेरा वर्षांच्या मुलीला सोबत बोलावतो, यावर विश्वास ठेवायला ती काही कालची नव्हती.

शिवाय आदल्या दुपारचं तिच्या कानावर होतंच. ती न्हाणीघरात केस धूत होती आणि नळ मध्येच बंद केला, तेव्हा स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला होता.

"तीन महिने झाले. घरात धड चार वाक्यं बोलत नाही, जेवण अर्धं टाकते. विचारलं की 'काही नाही'. आमच्या दवाखान्यात 'दुखत नाही' म्हणणाऱ्यालाच आधी आत घ्यावं लागतं." आई दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची, पेशंटची पाळी लावायची. "पुढच्या महिनाअखेर सहामाही संपते. ताई न्यायला तयार आहेत. पाठवू तिला."

बाबा काहीतरी म्हणाले होते. ते मात्र ऐकू आलं नाही. बाबा बोलले की निम्मं त्यांच्या मिशीतच राहायचं.

ताई म्हणजे आत्या. आगगाडीने पाच तासांवर असलेल्या गावात ती मुलींचं वसतिगृह चालवायची. प्रेमळ होती, पण तिचं प्रेम घंटेवर चालायचं. उठायची घंटा, अभ्यासाची घंटा, दिवे मालवायची घंटा. "माझ्याकडे पस्तीस आहेत, छत्तिसावी मला जड नाही," असं ती फोनवर म्हणाल्याचं सुतळीने स्वतः ऐकलं होतं. छत्तिसावी व्हायचं नव्हतं, एवढंच तिला त्या तीन महिन्यांत पक्कं ठाऊक होतं. आपली खोली, आपली खिडकी आणि आपली गादी सोडून तिला कुठेही जायचं नव्हतं.

त्यामुळे बाबांच्या त्या प्रश्नाचा अर्थ तिने असा लावला की हा प्रश्नच नाही, ही चाचणी आहे. 'नाही' म्हटलं की तेही तिच्या खात्यात लागणार. ती उठली.

"येते," म्हणाली.

*

वस्तीच्या टोकाला पाण्याची मोठी टाकी होती आणि तिच्याभोवती गोल, एका बाजूने चढाचा डांबरी रस्ता. एक फेरी साडेसहाशे मीटर, असं तिथल्या खांबावर लिहिलेलं होतं. बाबा पहिल्या दिवशी अर्ध्या फेरीत थांबले आणि गुडघ्यांवर हात टेकून रस्त्याकडे पाहत राहिले. जणू काही हरवलं होतं.

"काही पडलं का?" तिने विचारलं.

"श्वास," बाबा म्हणाले.

तिला हसू येणार होतं, पण तिने ते आतल्या आत दाबलं. हसायचं नाही, हा तिचा नियम झाला होता.

त्यांनी काही विचारलं नाही. तिला वाटलं होतं, पळता पळता हळूच विषय काढतील: शाळा कशी चाललीय, मैत्रिणी काय म्हणतात. तिने उत्तरंही तयार ठेवली होती, सगळी दोन-दोन शब्दांची. ती वापरायची वेळच आली नाही. घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, "उद्या?" ती म्हणाली, "चालेल." आणि घरात शिरल्यावर बूट काढायच्या आधी, तिथेच उभ्या उभ्या, बाबांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी वही काढली आणि पेन्सिलीने काहीतरी लिहिलं.

ही दुसरी संशयाची जागा. लिफ्टची नोंदवही ज्या त्या इमारतीतच ठेवतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. मग सकाळी साडेसहाला, घरात, ही कसली नोंद?

मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारीही. रविवार सोडून रोज. पळून आले की वही निघायची, दीड ओळ लिहिली जायची आणि वही परत खिशात. ती बूट काढण्याच्या निमित्ताने रेंगाळायची, पण बाबा पानावर आडवा हात ठेवून लिहायचे, परीक्षेत शेजारच्याला दिसू नये म्हणून लिहितात तसे.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत बाबा न थांबता एक फेरी पूर्ण करू लागले होते. आणि तिच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट घडली होती. तिला रात्री झोप लागत होती. ताट रिकामं होत होतं. एकदा तर वर्गात फळ्याकडे पाहताना तिच्या लक्षात आलं, की गेली दहा मिनिटं आपल्याला कसलीच भीती वाटलेली नाही. लगेच तिला त्याचाही संशय आला. बरं वाटावं म्हणूनच तर हे सगळं चाललं होतं. म्हणजे बरं वाटलं, की त्यांचा डाव साधला. काही दिवस तिने मुद्दाम बरं न वाटून घ्यायचा प्रयत्न केला, पण पळून आल्यावर घामाने ओली पाठ पंख्याखाली धरली की तो प्रयत्न काही टिकायचा नाही.

आईही नजर ठेवून होती. "आज काय बोललात दोघं?" असं ती चहा गाळताना सहज विचारी. तिचं सहज विचारणं पार जिन्यापर्यंत ऐकू जाई.

"बाबांनी शिवी दिली," सुतळी म्हणाली.

"कोणाला?"

"चढाला."

*

बोलणं झालं ते चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी, आणि तेही तिने ठरवून केलेलं नव्हतं. शेजारी शेजारी पळताना एक सोय असते. समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि आपलाही त्याला दिसत नाही. दुसऱ्या फेरीच्या चढावर तिच्या तोंडून वाक्य निघून गेलं.

"माझं हसणं त्यांनी फोनवर घेतलं."

"कोणी?"

"बाकावरची ती. आणि आणखी दोघी. मी हसते ना, मध्येच अडकल्यासारखी. ते घेतलं आणि त्याला कुरकुरणाऱ्या दाराचा आवाज जोडला. सगळ्या वर्गाला पाठवलं. मी वर्गात शिरले की कोणीतरी लावतं."

बाकावरची ती म्हणजे पहिलीपासूनची मैत्रीण. बाबांना ती माहीत होती. तिच्या वाढदिवसाला त्यांनीच सुतळीला सोडलं-आणलं होतं.

"कधीपासून?"

"चार महिने."

बाबांचा वेग वाढला. त्या दिवशी ते पहिल्यांदा तीन फेऱ्या पळाले, एकदाही न थांबता. तिला त्यांच्या बरोबरीने पळणं अवघड झालं. बाबांना राग आला की पाय चालतात, हे तिला नव्यानेच कळलं. तिसरी फेरी संपल्यावर ते खांबाला धरून उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी शाळेत जाऊन बोलू?"

"नको."

"बरं."

ती तीन दिवस वाट पाहत राहिली. आता मुख्याध्यापिकेचं बोलावणं येईल, वर्गात कोणीतरी म्हणेल, 'बाबांना सांगितलंस ना, चोमडे.' काही आलं नाही. 'बरं' म्हणजे 'बरं' असं निघालं. मोठ्यांच्या बाबतीत हा अनुभव तिला नवा होता, आणि तिचा संशय पहिल्यांदाच थोडा ढिला पडला.

पण त्या मंगळवारीही घरी आल्यावर वही निघालीच होती. त्या दिवशी चांगल्या तीन ओळी लिहिल्या गेल्या होत्या, हे तिने मोजलं होतं.

*

सहाव्या आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी, बाबा अंघोळीला गेले. शर्ट खुंटीवर होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तिचं झालं. खिशाला हात लावायच्या आधी तिने तीनदा मागे वळून पाहिलं. आई दवाखान्यातून आलेली नव्हती. रविवारी आत्या येणार होती, हे मात्र सकाळीच समजलं होतं. आईने पाहुण्यांच्या चादरी काढल्या होत्या.

वही उघडली. पेन्सिलीचं ठेंगणं, तिरपं अक्षर.

'सोम. आवाज अजिबात नाही. चढताना जड.'

तिला हायसं वाटलं. लिफ्टच्याच नोंदी होत्या. पण पुढच्या ओळीवर ते हायसं वाटणं विरलं.

'गुरु. दार अर्धं उघडतं. जबरदस्ती करू नये.'

'शनि. मध्येच अडली. आपोआप सुरू.'

'बुध. भार वाढवू नये.'

व्याकरणात तिला वर्गात सर्वांत जास्त गुण पडत, आणि इथे व्याकरणानेच घात केला होता. लिफ्टही ती आणि मुलगीही ती. कुठल्याही ओळीत इमारतीचं नाव नव्हतं. ती पानं उलटत चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारपाशी आली.

'मंगळ. आवाज आला. कारण सापडलं. दुरुस्ती आपल्या हातची नाही. लक्ष ठेवणे.'

संपलं. त्या मंगळवारी कोणाचा आवाज आला होता, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? म्हणजे पहिल्या ओळीपासून ही सगळी तीच होती. चढताना जड तीच, मध्येच अडणारी तीच. शेवटचं पान आजचं होतं.

'शुक्र. इथे ठेवून उपयोग नाही. महिनाअखेर हलवावी. ताईंना कळवणे.'

न्हाणीघरातलं पाणी थांबलं. तिने शर्ट खुंटीवर नीट लावला आणि वही आपल्या दप्तरात टाकली.

*

शनिवारी ती पहिल्या पावलापासून जोरात पळाली. बाबा मागून दोनदा हाक मारून थकले. अर्ध्या फेरीत ती त्यांच्या नजरेआड झाली. फेरी पूर्ण करून आली, तेव्हा ते टाकीच्या पायरीवर बसले होते, एक हात बरगडीवर.

"काय गं, आगगाडी पकडायचीय?"

"मला नाही. तुम्हालाच मला बसवायचंय आगगाडीत." तिने वही काढली.

बाबांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. रिकामा खिसा चाचपून तो खाली आला.

"शोधत होतो काल," ते म्हणाले.

"'भार वाढवू नये.' ही कोण?"

"काय?"

"ही कोण, बाबा? 'भार वाढवू नये', ही कोण?"

बाबांनी वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "गोदामातली. सामानाची लिफ्ट. तिच्यात नेहमी दुप्पट पोती घालतात गाढवं."

"'दार अर्धं उघडतं. जबरदस्ती करू नये.'"

बाबांनी मिशीवरून हात फिरवला.

"गोदामच ना?"

"नाही," ते म्हणाले. "ती तू."

"'मध्येच अडली, आपोआप सुरू.'"

"गोदाम."

"'आवाज अजिबात नाही.'"

"तू."

"म्हणजे एकाच वहीत दोघी? मी आणि सामानाची लिफ्ट?"

"गोदामवाले नोंदवही ठेवत नाहीत, आणि मी घरून परस्पर तिकडे जातो ना. एकच वही खिशात असते."

"'शुक्र. वर जाताना हलकी वाटली.' ही?"

बाबांनी वही हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. चेहरा असा, की तिला वाटलं आता काहीतरी थाप मारतील.

"आता नाही सांगता येत," ते शेवटी म्हणाले. "त्या शुक्रवारी दोघीही बऱ्या होत्या."

ती हलली नाही. मऊ पडायचं नाही, असं तिने रात्रीच ठरवलं होतं. "आणि ही? 'इथे ठेवून उपयोग नाही. महिनाअखेर हलवावी. ताईंना कळवणे.' आत्या उद्या येतेय."

बाबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि मग चक्क कपाळावर हात मारून घेतला. "अगं, गोदामाची मालकीण! तिला सगळे ताईच म्हणतात. ती लिफ्ट भिजक्या भिंतीला लागून आहे, गंजत चाललीय. दुसऱ्या बाजूला हलवा म्हणून गेलं वर्षभर सांगतोय मी."

"आणि माझी आत्या हवापालटाला येतेय."

रस्त्यावरून एक म्हातारे गृहस्थ हात झुलवत, मोठ्याने आकडे मोजत गेले. ते वळणापलीकडे जाईपर्यंत दोघंही थांबली.

"ते खरं आहे," बाबा म्हणाले. "आईचं म्हणणं होतं, पाठवू. मलाही पटलं होतं. तुझ्यापासून का लपवू?"

"लपवलंतच की."

"हो, लपवलं." त्यांनी वही मिटली. "आई म्हणाली, तुम्ही घरात असता तरी नसल्यासारखे. मुलगी भिंतीशी बोलेल एवढं तुमच्याशी बोलत नाही. तिकडे ताईंकडे निदान बोलायला माणसं आहेत. मला राग आला. पण खोटं काय होतं त्यात? मी म्हटलं, मला सहा आठवडे दे. रोज तिच्याबरोबर जातो. नाही काही झालं, तर मीच नेऊन सोडतो."

"म्हणजे परीक्षाच होती माझी."

"तुझी कुठली? माझी होती," बाबा म्हणाले. "आई रोज विचारायची. तुलाही, मलाही. काय बोललात, किती बोललात. मला बोललेलं लक्षात राहत नाही, म्हणून लिहून ठेवायचो."

"पण असं? लिफ्टसारखं?"

"मग कसं लिहू? मला दुसरी भाषा येत नाही." ते जरा थांबून म्हणाले, "तुझ्या हसण्याचं मात्र मी आईला सांगितलेलं नाही. तू शाळेत नको म्हणालीस. घरी सांगू का, ते विचारायचं राहिलं. मग नाहीच सांगितलं."

ती पायरीवर बसली. त्यांच्यापासून दोन हात अंतर ठेवून. विश्वास बसला होता असं नाही. पण गोदामात स्वतः जाऊन ती भिंत पाहायची, हा मनातला बेत तिने तूर्त पुढे ढकलला.

*

रविवारी आत्या आली आणि बॅग खाली ठेवायच्या आधीच तिने विचारलं, "हं, मग आमची छत्तिसावी तयार आहे का?"

कोणी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "तिला विचारा. ती सांगेल ते."

हेही सुतळीला अनपेक्षित होतं. आईचा आणि बाबांचा काहीतरी करार झाला असावा, असं तिच्या मनात लगेच येऊन गेलं. पण प्रश्न समोर होता आणि तिघं तिच्याकडे पाहत होती.

"मी नाही येत, आत्या."

"कारण?"

"सकाळी पळायला जाते मी."

"माझ्याकडे मैदान आहे. चारशे मीटरचं. घंटा झाली की सगळ्या पळतात."

"पण बाबांइतकं हळू पळणारी एकही नसेल तिथे," सुतळी म्हणाली. "मला सवय झालीय."

"बघितलंस, ताई?" बाबा म्हणाले. "घामाची ही किंमत."

आत्याने भावाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हा पळतो?" तिने आईला विचारलं. "हा? याला शाळेत खो द्यायलाही कोणी घ्यायचं नाही!" आणि बॅग उघडून ती आणलेली भांडी बाहेर काढू लागली. विषय तिथेच संपला. ती दुपारच्या गाडीने परत गेली. तिकडे पस्तीस जणी होत्या.

*

सोमवारी सुतळी साडेपाचलाच जागी झाली आणि अंथरुणात पडून कान देऊन ऐकू लागली. सहाला दहा कमी झाले. दारात कोणी आलं नाही. सहाला पाच कमी. स्वयंपाकघरात दिवा नव्हता.

म्हणजे असं होतं तर. सहा आठवडे शनिवारी संपले होते. आत्या परत गेली होती, बाबा पास झाले होते आणि आता बुटांचं काम उरलं नव्हतं. तिला राग आला नाही. आपला अंदाज बरोबर निघाल्यावर जसं कोरडं समाधान वाटतं, तसं काहीसं वाटलं. ती भिंतीकडे वळली. एक मिनिट. दोन.

मग ती उठली, पलीकडच्या खोलीचं दार ढकललं आणि बाबांचं पांघरूण ओढलं.

"बाबा. उठा."

बाबा दचकून उठून बसले. डोळे उघडे होते, सताड. झोपलेला माणूस असा उठत नाही. "मला वाटलं, आता तुला नको असेल," ते म्हणाले. "आता काही सक्ती राहिली नाही ना. तू आलीस तर जायचं, असं ठरवून पडलो होतो."

"आणि मी तुमची वाट बघत होते."

"मग आता?"

"पाच मिनिटं देते. नाहीतर एकटी जाईन."

आई कूस बदलत पुटपुटली, "जा बाई एकदाचे दोघं. माणसाला झोपू द्या."

बाबांना तयार व्हायला नऊ मिनिटं लागली. फाटकापाशी येऊन ते सवयीने उजवीकडे, टाकीच्या दिशेला वळले. सुतळी डावीकडे उभी होती.

"टाकी नको," ती म्हणाली. "शाळेवरून जाऊ."

बाबा थांबले. सुट्टी लागली असली, तरी दर सोमवारी सकाळी तिच्या वर्गातल्या मुलींचा तिथल्या मैदानावर खो-खोचा सराव असतो, हे त्यांना माहीत होतं. मैदानाला भिंत नव्हती, नुसती जाळी होती. रस्ता जाळीला अगदी चिकटून जायचा.

"त्या तिघी असतील तिथे?"

"असतील."

"बघतील."

"बघू देत."

बाबांनी शर्ट खाली ओढून पोटावर नीट केला. "तुझं नाही गं, माझं म्हणतोय," ते म्हणाले. "जाळीपाशी जरा हळू पळ. त्यांच्यासमोर मला धाप लागलेली दिसायला नको."